चालवणाऱ्यालाही दरी दिसू दे

'गाडी, घाट आणि तुम्ही' या सदरासाठी या महिन्यात आलेली पत्रं वाचली तर निम्म्याहून जास्त लोकांचं मागणं एकच: मुंबईतून पहाटे निघायचं, नदीची खोल दरी बघायची, रात्रीचं जेवण घरी. मी लालबागमध्ये गाडी शिकवते, ट्रॅव्हल कंपनी चालवत नाही. पण घाटात शिकाऊ मंडळींना घेऊन जायचं माझं कामच आहे, त्यामुळे रस्ते पायाखालचे, म्हणजे चाकाखालचे आहेत. या अंकात तेवढंच घेते. पार्किंगच्या भांडणांची पत्रं पुढच्या महिन्यात.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बोरिवलीला राहतो. आई 74 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. वडील गेल्यापासून ती बाहेर पडलेली नाही. 'खोल दरी आणि खाली नदी' असं काहीतरी बघायचंय म्हणते, पण चढउतार अजिबात जमणार नाही. माळशेज आणि वरंध दोन्ही बघून झालेत. एका दिवसात गाडीतूनच होईल अशी जागा सांगा. गाडी मी एकटाच चालवतो, बायकोला येत नाही.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: आईंना कुंडलिकेची दरी दाखवा. पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या हद्दीवर सह्याद्रीचा कडा तुटतो, तिथे ही नदी सुरू होते. भिऱ्याला कोकणात उतरते आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्राला मिळते. कोलाडचं राफ्टिंग सगळ्यांना माहीत असतं, वरची दरी फार थोडे बघतात. आईंच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे गाडीतून उतरून चार पावलं चाललं की दरी समोर.

जाताना लोणावळ्याकडून जा आणि ताम्हिणी घाटाने खाली उतरा. बरेच जण हे उलटं करतात आणि मग 'फोटो धुरकट आले' म्हणतात. या दरीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीवर असतं आणि समोरचे कडे उजळलेले असतात. दुपारी तीनला पोचलात तर सूर्य डोळ्यांत आणि दरीत नुसता निळा धूर. तेव्हा साडेदहा-अकराच्या आत तिथे पोचायचं, हा हिशोब धरून बाकीचं ठरवा.

बोरिवलीहून पाचला निघा. जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता), ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता आणि मग एक्सप्रेसवे. फूड मॉलला गाडी थांबवा आणि आईंना व बायकोला स्वच्छतागृहात जाऊन येऊ द्या, 'आत्ता नको, पुढे बघू' असं त्या म्हणाल्या तरीही. लोणावळा सोडलं की पुढे कुठेतरी एखादं हॉटेल लागेल तेव्हाच. पुरुषांना हे लक्षात राहत नाही, आणि मग बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. असल्या सहली मी बघितल्यात. लोणावळ्यात टाकी पूर्ण भरा, हवा तपासा, घरी एक फोन करून ठेवा. पुढे रेंज येते-जाते.

लोणावळ्यातून भुशी धरणाच्या रस्त्याला लागा. आयएनएस शिवाजी (नौदलाचं प्रशिक्षण केंद्र), लायन्स पॉइंट, घुसळखांब, मग पेठ शहापूर, तिथे डोक्यावर कोरीगड. आंबवण्यानंतर गर्दी मागे पडते. सालतर, भांबर्डे करत रस्ता डोंगराच्या माथ्यावरून दक्षिणेला जातो. या टप्प्यात तैलबैलाच्या दोन उभ्या कातळभिंती दिसतात, आईंना त्या आठवणीने दाखवा. रस्ता काही ठिकाणी छान, काही ठिकाणी पावसाने उखडलेला. चाळीसच्या वर काटा नेऊ नका, न्यायची गरजही नाही. मग पिंपरीचा तलाव येतो आणि तिथून जवळच दरीचं टोक.

इथे तासभर थांबा. डिकीत प्लास्टिकची एक हलकी खुर्ची टाकून न्या, आईंना सावलीत, कड्यापासून बेताच्या अंतरावर बसवा. समोरच्या कड्यावर आडवे थर दिसतात, एकावर एक, चिरोट्याच्या पदरांसारखे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थंड होत गेला, त्याचे हे थर. कठीण थर उभा राहतो, मधला मऊ थर झिजतो, त्या झिजलेल्या पट्टीवर गवत आणि झाडी धरते. म्हणून काळी पट्टी, हिरवी पट्टी, पुन्हा काळी पट्टी असं दिसतं. पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांना समुद्र गाठायला शेकडो किलोमीटर पडलेत, त्या रमतगमत जातात. कुंडलिकेसारख्या पश्चिमेच्या नद्यांना समुद्र जवळ आणि उतार उभा, त्यामुळे त्या डोंगर कापतच मागे मागे सरकतात. ही अरुंद दरी तशीच कापली गेलेली आहे.

पिंपरीहूनच अंधारबनाची वाट सुटते. दाट जंगलातून साधारण 13 किलोमीटर उतरत ती भिऱ्याला जाते. तुम्ही तिकडे फिरकू नका, आजचा दिवस आईंचा आहे.

आता तुमच्याबद्दल. 'गाडी मी एकटाच चालवतो' हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंत. अशा सहलीत दरी सगळ्यात कमी कुणाला दिसते? चालवणाऱ्याला. मागे बसलेले 'अरे ते बघ, ते बघ' करत असतात, तो बिचारा एक डोळा तिकडे टाकतो आणि वळण चुकतं. माझा शिकवणीतला नियम साधा आहे: चाक फिरत असताना दरी नाही. बघायची तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, उतरा. म्हणून वेळेत तीन थांबे चालवणाऱ्याच्या नावाने आधीच धरून ठेवा. एक तैलबैला दिसतो तिथे, एक पिंपरीला, एक ताम्हिणी घाटात डोंगरवाडीच्या आसपास, रस्त्याकडेला गाडी नीट मावेल अशी जागा बघून. वळणावर नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीला चिकटून तर नाहीच.

आणि हो, 'बायकोला येत नाही' याला औषध आहे. लालबाग लांब पडत असेल तर बोरिवलीत शिकवणारे कमी नाहीत.

दरी बघून झाली की निव्याला पुणे-माणगाव रस्ता लागतो. डावीकडे मुळशी, उजवीकडे ताम्हिणी घाट. जेवण निव्याच्या आसपास उरका. साधी घरगुती हॉटेलं आहेत, पिठलं-भाकरी सांगितली तर करायला वेळ लागतो, म्हणून आधी सांगून मग फिरा. हा सगळा भाग 2013 पासून अभयारण्य आहे. प्लास्टिकचा कचरा परत गाडीत भरा आणि माकडांना बिस्किटं घालू नका. घाट उतरला की विळे, तिथून उजवीकडे सुतारवाडीवरून कोलाड आणि मुंबई-गोवा महामार्ग.

रविवार असेल तर सरळ पेणकडे जाऊ नका. अलिबागहून परतणारी सगळी मुंबई वडखळला तुमची वाट बघत असते. वाकण फाट्याला उजवीकडे वळा आणि पाली, खोपोली करत एक्सप्रेसवे धरा. पालीला आईंना बल्लाळेश्वराचं दर्शनही होईल. एकूण 300 किलोमीटरच्या वर जातं, म्हणून शक्यतो मधल्या वारी जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलं काम ठेवू नका.

महिना? सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत. पाणी असतं, कडे हिरवे असतात, सड्यांवर सोनकी पिवळी फुललेली असते. जुलैत जाल तर टोकावर उभं राहून पांढरं धुकं बघून परत याल, शिवाय घाटात दरड कोसळायची भीती. एप्रिल-मेमध्ये वर वारा तरी असतो, खाली भिऱ्याकडे भट्टी. 2017 च्या मार्चमध्येच तिथला पारा 46 अंशांच्या वर गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती.

प्रश्न: आम्ही मे महिन्यात कोलाडला गेलो होतो. महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्या तेव्हा आटलेल्या आणि कुंडलिका मात्र सकाळी तुडुंब वाहत होती. दुपारी बघितलं तर दगड उघडे पडलेले. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: हा तुमच्या घरातल्या पंख्याचा प्रकार आहे. म्हणजे डोंबिवलीच्या नाही, मुंबई शहरातल्या.

वर मुळशीचं धरण आहे ते मुळा नदीवर. मुळा ही पूर्वेकडची नदी. पुण्यात मुठेला मिळायचं, मग भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर असा तिचा ठरलेला रस्ता. टाटांनी हे पाणी धरणात अडवलं, डोंगरातून पश्चिमेच्या कड्यावर आणलं आणि मोठमोठ्या लोखंडी नळांतून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. पाणी चक्रं फिरवतं, वीज मुंबईला जाते आणि मोकळं झालेलं पाणी कुंडलिकेत पडतं. बंगालच्या उपसागराचं पाणी असं रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. वीजघर चालू असेल तेव्हा नदी भरलेली, बंद असेल तेव्हा दगड. राफ्टिंगवाले सकाळी बोलावतात ते याच कारणाने. पाणी सुटल्याशिवाय त्यांची होडी हलत नाही.

घाटावरून पाणी पाडून वीज करायची ही तिसरी खेप. आधी 1915 मध्ये खोपोली, मग 1922 मध्ये भिवपुरी, मग 1927 मध्ये भिरा. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हासात. तुम्ही डोंबिवलीचे, उल्हास नदी तुमच्या दारातून जाते, म्हणजे भिवपुरीच्या विजेचं पाणी तुमच्या ओळखीचं आहे. आमच्या लालबाग-परळच्या गिरण्या या विजेवर चालल्या. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यात होते. यंत्रं कशावर चालतात हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण ते पाणी कुणाच्या शेतातून आलं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आलं ते मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या भातखाचरांतून. धरणाखाली 50 च्या आसपास गावं जाणार होती, आणि जमीन आंबेमोहोराची. 1921 च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, 'सेनापती' ही पदवी त्यांना त्याच लढ्याने दिली. लढा तीनेक वर्षं चालला, बापट तुरुंगात गेले आणि धरण झालंच. ताम्हिणीहून मुळशीकडे जाताना तलावाच्या काठाकाठाने रस्ता जातो. तिथे गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. पाण्याखाली काय आहे हे मुलांना सांगायला दोन मिनिटं लागतात, तेवढी काढा.

एक सूचना याच संदर्भात. भिऱ्याच्या खाली नदीचं पात्र कोरडं दिसलं म्हणून मुलांना घेऊन मधल्या दगडावर डबा खायला बसू नका. वीजघर सुरू झालं की पाणी बघता बघता चढतं आणि ढगाचा एक तुकडा नसतानाही चढतं. आपल्या लोकांना पूर म्हणजे पाऊस एवढंच ठाऊक, म्हणून उन्हात कुणी सावध नसतं.

प्रश्न: मी 41 वर्षांची, यंदाच लायसन्स मिळालं. मुलुंड ते ठाणे रोज गाडी नेते. मैत्रिणींना घेऊन ताम्हिणीला जायचंय, पण नवरा म्हणतो, "घाट तुझं काम नाही." घाटात नेमकं वेगळं काय असतं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: नवऱ्याला म्हणावं, मुलुंडच्या चेकनाक्यावर संध्याकाळी सातला गाडी काढून दाखवते त्या बाईला घाट जड नाही.

वेगळं आहे ते सांगते. चढताना गाडी गुरगुरायला लागली, थरथरली, की गिअर खाली घ्या. इंजिन गुदमरेपर्यंत तिसऱ्यातच ओढू नका. उतरताना मात्र नव्या चालकांचा हमखास घोळ होतो. ते ब्रेकवर पाय ठेवून पूर्ण घाट उतरतात. चार वळणांनंतर जळका वास येतो, पाय टाकला तर ब्रेक 'मऊ' लागतो. ब्रेक तापले की पकड जाते. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचं, बहुतेक ठिकाणी दुसरा. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडा थोडा, दाबून सोडायचा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर एल किंवा मॅन्युअलवर टाका, डीवर सोडून देऊ नका. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत घाट उतरणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या गाडीत बसू नका.

चढावर थांबून पुन्हा निघायचं ते असं: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जाड होतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं. तिथेच डावा पाय स्थिर ठेवा, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि मगच हँडब्रेक खाली. मागच्याने हॉर्न मारला म्हणून घाई करायची नाही. त्याला घरी जायचंय, तुम्हालाही. हे जमेपर्यंत एखाद्या उड्डाणपुलाच्या चढाच्या सर्व्हिस रोडवर रविवारी सकाळी सराव करा.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. उतरणारा थांबतो. आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आपली डावी बाजू सोडायची नाही, समोरचा कितीही मधून आला तरी. धुक्यात हेडलाइट खाली पाडलेले, वर केले की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची फॅशन आलीय ती सोडा, मागच्याला तुम्ही वळणार की थांबलात तेच कळत नाही. गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकं डोंगराकडे वळवा आणि मागच्या चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला करा, ही विनंती मी हात जोडून करते.

पहिल्यांदा जाल तेव्हा कोलाडकडून चढा. बोरिवलीच्या वाचकांना मी उलटं सांगितलं ते दरीसाठी. तुम्हाला घाट शिकायचाय, आणि नवख्या हाताला उतारापेक्षा चढ सोपा. परत येताना ताम्हिणी उतरण्यापेक्षा मुळशीवरून पुणे आणि एक्सप्रेसवे धरा.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा. घाट सुरू झाला की पाचव्या वळणाला उलटी. काय करू?
— एक आई, गिरगाव

उत्तर: मोबाईल काढून घ्या, निम्मं काम तिथेच होईल. त्याला मागच्या सीटवर मधोमध बसवा, बेल्टसकट, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल. बाजूच्या खिडकीतून झाडं पळताना बघितली की मळमळ वाढते. निघायच्या आधी दूध आणि वडापाव नको, कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, तोंडात आल्याची वडी किंवा आवळा. काच थोडी खाली, गाडीतला तो गोड वासाचा फ्रेशनर काढून डिकीत. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच. आणि चालवणाऱ्याला सांगा, वळणावर झटका देऊ नकोस. बऱ्याचदा पोटाचा दोष नसतो, स्टिअरिंगचा असतो.

प्रश्न: आम्ही पाच मित्र. जुलैत देवकुंडच्या धबधब्याला जाऊन डुंबायचा प्लॅन आहे. सोबत थोडी 'सोय' असेल. गाडी कुठे लावता येईल?
— भांडुपची गँग

उत्तर: घरासमोर लावा आणि तिथेच राहू द्या. देवकुंड भिऱ्याजवळ आहे, तिथे माणसं बुडालेली आहेत, पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं, आणि पोलीस तुमची 'सोय' आधी बघतात. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या वर धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ते तर शुद्धीत होते. जायचं असेल तर डिसेंबरात जा, गावातला वाटाड्या घ्या, आणि चालवणाऱ्याने सोयीला हात लावायचा नाही.

प्रश्न: तुमचं सदर वाचते, पण आमच्याकडे गाडी नाही आणि घ्यायचीही नाही. आम्हा दोघांना दरी कशी दिसणार?
— एक वाचक, परळ

उत्तर: तुम्हाला सगळ्यात चांगली दिसेल, कारण तुमच्यात चालवणारं कुणीच नाही. सकाळची पुण्याची गाडी धरा. कर्जतला मागे बँकर इंजिनं जोडतात, तेवढ्यात फलाटावर वडा घ्या. पुढे बोर घाट. हा रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला, चढ 37 ला 1, म्हणून ती ढकलणारी इंजिनं. मंकी हिलच्या पुढे बोगद्यांच्या मधल्या फटींत उल्हासची दरी उघडते. एका बोगद्यातून बाहेर आलं की दिसते, पुढच्या बोगद्यात जाते, म्हणून आधीपासून खिडकीशी तयार बसा. दारात उभं राहू नका, बोगद्याची भिंत फार जवळून जाते. लोणावळ्याला उतरून जेवा, थोडं फिरा आणि परतीचं आरक्षण दुपारच्या गाडीचं करा. हिवाळ्यात संध्याकाळची गाडी घेतलीत तर घाट यायच्या आत अंधार पडलेला असतो.